एनिड स्क्रिमशॉच्या यादीतले होकार

एनिड स्क्रिमशॉ दार वाजवायची ते बोटांच्या पेरांनी, तीनदा, आणि मग दोन पावलं मागे सरून उभी राहायची. घंटेचं बटण तिने एक्केचाळीस वर्षांत कधी दाबलं नाही. घंटा विमा विकणारे दाबतात, असं तिचं म्हणणं. मागे सरायचं ते दार उघडणाऱ्याला आपण अंगावर आलोय असं वाटू नये म्हणून. आणि परत जाताना फाटकाची कडी जशी होती तशी लावायची, कारण फाटक उघडं राहून कुत्रा पळाला तर त्या घरातली सगळी मतं त्याच्या मागोमाग गेलीच म्हणून समजा. पक्षाच्या नव्या कार्यकर्त्यांना ती हे सगळं शिकवायची, म्हणजे नवे कार्यकर्ते येत होते तोवर.

त्या वसंतात मात्र पक्षाचं काही खरं नव्हतं. सतरा वर्षं सलग राज्य करून पक्ष दमला होता आणि लोक त्याला विटले होते. मंत्री रेडिओवर एकमेकांवर गुरगुरत होते. दर रविवारी वर्तमानपत्रात नवा अंदाज यायचा आणि दर अंदाजात पक्ष आणखी खाली गेलेला असायचा. आदल्या वर्षी आमच्या हॅल्डरबीच्या कौन्सिलातल्या नऊपैकी आठ जागा गेल्या. नववी राहिली, कारण तिथे समोर कुणी उभंच राहिलं नव्हतं. चॅपल रस्त्यावरच्या पक्षाच्या क्लबात पूर्वी शनिवारी बसायला खुर्ची मिळत नसे. आता तिथे बिलियर्डच्या टेबलावर पत्रकांचे गठ्ठे पडले होते आणि ते वाटायला अख्ख्या मतदारसंघात मिळून तीस माणसं उरली होती. त्यातली निम्मी गुडघेदुखीची.

आणि एनिडच्या यादीत मात्र शंभरात त्रेसष्ट होकार होते.

ही यादी म्हणजे हॅल्डरबीतल्या मतदारांची गल्लीवार नावं. दारोदार जाऊन विचारायचं, आणि नावापुढे खूण करायची. टिक म्हणजे आपला, काट म्हणजे त्यांचा, प्रश्नचिन्ह म्हणजे डळमळीत. काम सोपं वाटतं, पण त्यावर सगळा डोलारा उभा असतो. मतदानाच्या दिवशी टिकवाल्यांनाच आठवण करायची, त्यांनाच गाडी पाठवायची. काटवाल्यांच्या वाटेला जायचंच नाही. एनिडची टिक चुकत नाही, असा तिचा लौकिक होता. एका निवडणुकीत तिने गावातली आपली मतं सांगितली होती आणि मोजणीत फक्त एकोणीसचा फरक निघाला होता. ते एकोणीस कोण, हेही तिला ठाऊक होतं, असं लोक म्हणायचे.

पक्षाची निवडणूक सांभाळणारा एजंट क्लाइव्ह डकरिंग याच यादीवर तग धरून होता. वय चौतीस, पण त्या महिन्यात पन्नाशीचा दिसायला लागला होता. तो चहा आणि बेकरीतल्या मांस भरलेल्या पोर्क-पाय यांवर जगत होता, आणि त्यांचा चुरा त्याच्या टायवर दिसायचा.

"मिसेस स्क्रिमशॉ, खेड्यांत आपण बुडालोय," तो म्हणाला. मतदानाला आठ दिवस उरले होते. "पण गावात साठच्या वर मिळाले तर जागा राहते. मी दहादा गणित केलंय. त्रेसष्ट पक्के ना?"

"मी कधी कच्चे आणलेत का रे?"

"तसं नाही. हेडक्वार्टर मागे लागलंय. शेजारच्या रॅफर्डला अटीतटीची लढत आहे. म्हणतात, तुमची जागा पक्की असेल तर तुमची माणसं आणि गाड्या तिकडे पाठवा."

"मग पाठव की."

"पाठवतो," क्लाइव्ह म्हणाला, आणि तिच्या हातातली यादी त्याने अशी घेतली, जणू ती खाली पडून फुटेल.

खरं सांगायचं तर एनिडलाही एक गोष्ट खुपत होती. होकार त्रेसष्ट, पण खिडकीत पक्षाचं पोस्टर लावायला कुणी तयार नव्हतं. मागच्या खेपेला एकट्या मिल लेनमध्ये बावीस खिडक्या होत्या. या खेपेला दोन, आणि त्यातली एक तिची स्वतःची. बाकीच्यांकडे कारणं होती. कुणी खिडकीला रंग देणार होतं, कुणाच्या सुनेला आवडत नव्हतं, आणि मिस्टर पॉकलिंग्टन म्हणाले की पोस्टर लावलं की त्यांची कबुतरं बुजतात. मागच्या खेपेला कशी नाही बुजली, असं एनिडच्या ओठांवर आलं होतं, पण मिस्टर पॉकलिंग्टननी तेवढ्यात तिच्या हातात सहा अंडी ठेवली. आणि दारं तर अशी उघडत होती! कुणी आत बोलावून प्लम ब्रेडचा तुकडा पुढे करी, कुणी वॉल्टरची चौकशी करी. इतकं अगत्य तिला याआधी कधी मिळालं नव्हतं. तिने त्याचा अर्थ आपल्याला सोयीचा तो लावला.

वॉल्टर म्हणजे तिचा नवरा. ड्रेनेज बोर्डाच्या पंपावर त्याची तीस वर्षं गेली. पाण्याची पातळी बघायची, पंप चालू करायचा, बंद करायचा. बोलायची वेळच फारशी आली नाही. प्रत्येक निवडणुकीत एनिडच्या रोझेटची, म्हणजे छातीवर लावायच्या पक्षाच्या बिल्ल्याची, फीत तो इस्त्री करायचा आणि गाडीवर भोंगा बांधून गल्ल्यांतून फिरवायचा. जानेवारीत त्याला झटका आला, उजवी बाजू गेली, आणि तेव्हापासून तो गावच्या छोट्या हॉस्पिटलात पडून होता. त्याला मतदानाला नेणं शक्य नव्हतं. म्हणून डॉक्टरची सही घेऊन एनिडने रीतसर अर्ज केला होता: त्याच्या वतीने त्याचं मत ती टाकणार. यादीत त्याच्या नावापुढे टिक होतीच. ती टिक ती दर निवडणुकीत घरी बसल्या बसल्याच करायची. नवऱ्याला काय विचारायचं?

त्याच संध्याकाळी सहाला ती भेटायला गेली. मंजुरीचं पत्र तिने त्याला दाखवलं. वॉल्टरने ते डाव्या हाताने धरून सावकाश वाचलं.

"एनिड, माझं मत त्यांना दे."

"कुणाला?"

"त्या मास्तरणीला."

दुसऱ्या पक्षाची उमेदवार शाळेत शिकवायची. एनिड हसली.

"औषध चढलंय तुला."

"हात गेलाय. डोकं नाही."

"मिस्टर ॲम्कॉट्स तुला भेटायला आले होते, वॉल्टर. आपला उमेदवार, खासदार माणूस, वेळात वेळ काढून आला."

"आला होता. चार मिनिटं बसला. भला माणूस आहे. मत तिला दे."

मग तो थांबत थांबत, एकेक शब्द ओढून काढत बोलला. रात्री दोन वॉर्डांना मिळून एक नर्स असते. समोरच्या खाटेवरचा म्हातारा अंथरुणात ओला होऊन पडलेला असतो, नर्सला पाच वेळा हाका मारतो आणि मग रडतो. नर्स वाईट नाही. ती पोरगी तरी दोन ठिकाणी कशी असेल? आणि शरद ऋतूत हा वॉर्ड बंद करून सगळ्यांना तीस मैलांवर नेणार आहेत.

"मी काय रोज तीस मैल येणार?" एनिडच्या तोंडून गेलं.

"तेच म्हणतोय."

"हे तू मला आधी का नाही बोललास?"

"तू विचारलंस कधी?" तो म्हणाला. यात टोमणा नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. "मागच्या वेळीही त्यांनाच दिलं. त्याच्या मागच्याही."

एनिडला आधी समजलंच नाही. मग समजलं. त्या दोन्ही निवडणुकांत हाच माणूस दिवसभर तिची गाडी हाकत होता, भोंग्यावर ॲम्कॉट्सचं नाव घेऊन घसा बसवत होता.

"गाडी हाकलीस, आणि आत जाऊन..."

"गाडी तुझ्यासाठी हाकली."

"दहा वर्षं माझ्याशी खोटं बोललास."

"यादी घेऊन बसलीस की किती खूश असायचीस," वॉल्टर म्हणाला. "आणि मी एकटा नाही, एनिड. गावात तुला नाही म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही. पंपावर सगळे येऊन सांगायचे मला. तुझ्या त्रेसष्टांवर विसंबू नकोस."

ती उठून निघाली. हॉस्पिटलच्या फाटकाची कडी लावायला ती त्या दिवशी विसरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ऑलिव्ह टास्करकडे गेली. रोझेट न लावता, यादी न घेता. ऑलिव्ह तिची शाळेपासूनची मैत्रीण, मिल लेनमध्ये चार घरं सोडून राहायची.

"ऑलिव्ह, मी आज पक्षाकडून आलेले नाही. मला खरं सांग. मत कुणाला देणार आहेस?"

ऑलिव्हने घाईघाईने चहाचं पाणी ठेवलं. "साखर किती घालू?"

"चाळीस वर्षं मी साखर घेत नाही."

"अगं हो की." ऑलिव्ह पाठमोरी उभी राहिली. किटली शिट्टी वाजवायला लागली तरी तिने ती उतरवली नाही. "आमचा रेग गेला त्या वर्षी तू तीन महिने रोज सूप आणलंस. दारात उभी राहून तू मला विचारतेस, आपलंच ना? मी काय म्हणू? नाही म्हणू? मग त्या सुपाचं काय करू?"

"सूप मी मतासाठी आणलं नव्हतं."

"ते ठाऊक आहे गं. म्हणूनच तर नाही म्हणता येत नाही."

त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी एनिडने टिक केलेली वीस दारं पुन्हा वाजवली. एकेका दारात उभं राहून ती म्हणाली, मला वाईट वाटणार नाही, खरं सांगा. वाईट तर तिला इतकं वाटत होतं की दुपारी ती चर्चच्या भिंतीवर जाऊन बसली आणि बराच वेळ उठली नाही. वीसपैकी तेरा फुटले. मिस्टर पॉकलिंग्टन टोपी काढून म्हणाले, "बाई, तुम्ही दारात असता तोवर मी मनापासून तुमचाच असतो. दार लागलं की काय होतं ते मलाही सांगता येत नाही." ज्यांच्या बाळंतपणात ती रात्रभर बसली, ज्यांच्या आईच्या अंत्यविधीला तिने हॅमची सँडविचेस केली, तेच नेमके खोटं बोलले होते. ज्या तीन घरांशी तिचं वाकडं होतं, त्यांनी पहिल्याच दिवशी तोंडावर नाही म्हटलं होतं आणि तिने रागारागाने काट मारली होती. तिच्या यादीत खऱ्या निघाल्या त्या तेवढ्या काट मारलेल्या खुणाच. इतकी वर्षं तिला वाटत होतं की लोक आपल्याला मानतात म्हणून आपली यादी खरी ठरते. आता कळलं की लोक मानतात म्हणूनच ती खोटी होती. पूर्वी पक्षच जोरात होता, त्यामुळे ते झाकून गेलं.

क्लाइव्ह क्लबात फोनपाशी बसला होता. तिने यादी त्याच्यापुढे ठेवली आणि पेन्सिल काढली.

"या टिकांची प्रश्नचिन्हं करायचीत. गावात आपल्याला तीसही मिळत नाहीत, क्लाइव्ह. माणसं परत बोलाव."

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग यादीकडे. "माणसं परवाच गेली. गाड्याही गेल्या. इथे दोन उरल्यात."

"मग फोन कर. सांग, माझी चूक झाली. माझं नाव घालून सांग."

"तुमची मनःस्थिती बरी नाही. मिस्टर स्क्रिमशॉंचं आजारपण, धावपळ..."

"वॉल्टरला यात आणू नकोस. विसांतले तेरा फुटलेत."

"तुम्ही रडवेला चेहरा करून विचारलंत, म्हणून त्यांनी काहीतरी सांगितलं असेल."

"मी हसून विचारलं तेव्हा त्यांनी काहीतरी सांगितलं होतं, बाळा."

तिने पेन्सिल टेकवली तेव्हा त्याने यादीवर आपला पंजा पालथा ठेवला. "मिसेस स्क्रिमशॉ, कृपा करा. मी हेडक्वार्टरला सांगून बसलोय की हॅल्डरबी पक्कं आहे. मिस्टर ॲम्कॉट्सना सांगितलंय. बायकोला सांगितलंय. आता कुठल्या तोंडाने फिरवू? रोज पहाटे चारला मला जाग येते, आणि मी हा तुमचा त्रेसष्टचा आकडा आठवून परत झोपतो. मतदानापर्यंत तो राहू द्या मला."

एनिडने पेन्सिल पर्समध्ये टाकली. तिला त्याची दया आली आणि स्वतःचा संताप आला. या पोराला हा आकडा तिनेच दिला होता. पुढे जागा नऊ हजार मतांनी गेली तेव्हा क्लाइव्ह तिला एका शब्दाने बोलला नाही, आणि तेही तिला सहन झालं नाही.

मतदानाच्या दिवशी ती सकाळी सातला चॅपलच्या हॉलबाहेर खुर्ची टाकून बसली. रोझेट लावलं होतं, फीत इस्त्री न केलेली. येणाऱ्याचा मतदार क्रमांक विचारून तो कागदावर लिहायचा आणि दर तासाला क्लबात पाठवायचा, एवढंच काम. शेजारच्या खुर्चीवर दुसऱ्या पक्षाचा पोस्टमन तेच करत होता. त्याने तिला बिस्किट दिलं. तिने घेतलं.

लोक आले. अहो, काय आले! टिकवाले तर झाडून आले. एकेक जण तिला नाव घेऊन नमस्कार करत होता, वॉल्टरची तब्येत विचारत होता, क्रमांक सांगून आत जात होता आणि बाहेर येताना घड्याळात किंवा आभाळात बघत होता. उरलेल्या दोनपैकी एका गाडीतून ऑलिव्ह उतरली. पक्षाने पक्की मतदार म्हणून तिला घरून उचलून आणली होती.

"मी नको म्हणत होते," ऑलिव्ह खालमानेने पुटपुटली. "तो मुलगा ऐकेचना. यादीत नाव आहे म्हणाला."

"जा, आत जा. पायरी बघून."

दुपारी क्लाइव्ह धावत आला. त्याचे गाल लाल झाले होते. "तुमचे पक्के लोक शंभरातले ऐंशी उतरलेत! दुपारी दोनपर्यंत! असं मतदान मी पाहिलेलं नाही." एनिडला वाटलं, आत्ता याच्या खांद्याला धरून हलवावं. पण त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ती म्हणाली, "हो रे, पुष्कळ उतरलेत." होकाराचं खोटं बोलणं किती सोपं असतं, ते तिला तेव्हा कळलं.

चारला तिने खुर्ची क्लाइव्हच्या हवाली केली, रोझेट काढून पर्समध्ये ठेवलं आणि आत गेली. टेबलामागच्या बाईने दोन मतपत्रिका दिल्या, एक तिची आणि एक वॉल्टरच्या वतीने. दोन्हींवर तीच चार नावं. एनिड आडोशात उभी राहिली. आपल्या मताची फुली तिने लगेच मारली, ॲम्कॉट्सच्या नावापुढे. तिथे तिला विचार करावा लागला नाही.

दुसरी पत्रिका मात्र तिने बराच वेळ पुढ्यात ठेवली. अख्ख्या गावाने तिला फसवलं होतं, आणि त्यातलं हे एक मत या घडीला तिच्या बोटांत होतं. कुणाला कळणार होतं? ना टेबलामागच्या बाईला, ना पोस्टमनला, ना वॉल्टरला. दहा वर्षं त्याने तिला फसवलं. एकदा तिने फसवलं तर फिटंफाट. आणि पक्ष असा रक्तबंबाळ होऊन पडलेला असताना आपल्या हाताने त्याच्यावर आणखी एक घाव घालायचा? तिच्या वडिलांनी याच हॉलच्या दारात पक्षाची पत्रकं वाटली होती. तिने पेन्सिल ॲम्कॉट्सच्या चौकोनावर नेली. तिथे ती तशीच धरून राहिली. मग तिला समोरच्या खाटेवरचा तो रडणारा म्हातारा दिसला, जो तिने प्रत्यक्षात कधी रडताना पाहिला नव्हता. आणि असं वाटलं की गावातल्या सगळ्यांत, न विचारता, आपण होऊन खरं सांगणारा वॉल्टर एकटाच निघाला. उशिरा का होईना.

तिने मास्तरणीच्या नावापुढे फुली मारली. रेघ वाकडी आली, पण चौकोनाच्या आत राहिली. दोन्ही पत्रिका घडी करून तिने पेटीत टाकल्या. नवराबायकोची दोन मतं एकमेकांना खाऊन टाकणार होती, आणि बाहेर क्लाइव्हने तिचा क्रमांक आनंदाने लिहून घेतला.

सहाला ती हॉस्पिटलात गेली. संध्याकाळच्या शेवटच्या तासांत पक्षाला माणसांची सगळ्यात जास्त गरज असते. एक्केचाळीस वर्षांत ती वेळ तिने कधी चुकवली नव्हती. वॉल्टरपुढे कस्टर्डची वाटी होती आणि डाव्या हाताने त्याला ती जमत नव्हती. तिने चमचा घेतला.

"टाकलंस?" त्याने विचारलं.

"टाकलं."

"कुणाला?"

"तू म्हणालास तिला."

वॉल्टरने तिच्याकडे पाहिलं. मग त्याने डावा हात उचलून तिच्या मनगटावर हळूच थोपटलं.

"हो का. बरं झालं."

हा सूर एनिडने या महिनाभरात शेकडो दारांत ऐकला होता. तेच हसू, तेच मऊ डोळे. तिचा चमचा हातातच राहिला.

"वॉल्टर, मी खरंच तिला दिलं."

"हो गं. मी कुठे नाही म्हणतोय?"

"तुझी शपथ."

"शपथ कशाला? नसतंस दिलंस तरी मी रागावलो नसतो." तो प्रेमाने म्हणाला. दाखवायला तिच्याजवळ काही नव्हतं; ती पत्रिका हजार पत्रिकांमध्ये पेटीत पडली होती आणि ती कुणाची, हे कुणालाच कधी सांगता येणार नव्हतं.

"मी दिलं," ती पुन्हा म्हणाली.

वॉल्टरने मान डोलावली, आणि चमच्यासाठी तोंड उघडलं.